नशेतली संमती ही संमती नव्हे!

थायलंड, तैवान, जपान, दक्षिण कोरिया आणि चीन या देशांत गेल्या दहा-बारा वर्षांत मालिकांचा एक नवा प्रकार रुजला आहे. दोन तरुण मुलांच्या प्रेमाच्या या गोष्टींना 'बॉईज लव्ह' किंवा थोडक्यात 'बीएल' म्हणतात. थायलंडमध्ये त्यांना 'वाय' मालिका असे नाव आहे. भाषा कळत नसली तरी पडद्याखालच्या ओळी वाचत आपल्याकडची कॉलेजातली मुले-मुलीही त्या मोबाईलवर पाहतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो आणि पत्ता लागलाच तर पहिला प्रश्न येतो तो 'हे असले काय पाहता?' असा. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे असेल तर असे विचारले पाहिजे, की या मालिकांत प्रेमाच्या ऐन प्रसंगी दारूचा पेला का असतो? आणि त्या पेल्यानंतर जे घडते त्याला प्रेम म्हणायचे की जबरी?

हा प्रश्न आम्ही उकरून काढलेला नाही. या मालिकांच्या प्रेक्षकांमध्येच त्यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. या प्रेक्षकांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा आहे, समलिंगी पुरुषही आहेत. ठरलेला प्रसंग असा असतो. महाविद्यालयातले सीनियर-ज्युनियर किंवा कचेरीतले सहकारी पार्टीला जमतात. एकाला दारू झेपत नाही. दुसरा त्याला पाठुंगळीला घेऊन खोलीवर आणतो, त्याचे बूट काढतो, ओल्या फडक्याने तोंड पुसतो. मग झिंगलेला मुलगा एक तर मनातले बोलून टाकतो, नाही तर दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. कधी शुद्धीवर असलेलाच त्या झिंगलेल्याचे चुंबन घेतो, कधी त्याच्याही पुढे जातो. सकाळी एक जण म्हणतो, 'रात्रीचे मला काही आठवत नाही.' दुसऱ्याला सारे आठवत असते, पण तो गप्प बसतो. गोष्ट पुढे सरकते.

प्रेक्षक काय म्हणतात?

पहिले मत असे, की ही गोष्ट आहे, कोर्टातली कैफियत नाही. दोघे शेवटी एक होणार हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. दोघांच्या मनात प्रेम आहेच, दारूने फक्त जिभेची गाठ सोडवली. यात कुणाचे काय बिघडले? दुसरे मत याच्या उलट आहे. शेवट पाहणाऱ्याला ठाऊक असतो, पलंगावर बेशुद्ध पडलेल्या त्या मुलाला तो ठाऊक नसतो. त्या क्षणी त्याला कुणीही काही विचारलेले नसते. तिसरे मत समलिंगी प्रेक्षकांकडून येते आणि आम्हाला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणतात, आमचे प्रेम पडद्यावर आले याचा आनंद आहे. पण ते दरवेळी झिंगूनच का यावे? शुद्धीवर असलेला मुलगा शुद्धीवर असलेल्या मुलाला 'तू मला आवडतोस' असे सांगू शकत नाही का?

हा वाद हवेतला नाही. २०१९ च्या 'थार्नटाइप' या थाई मालिकेत दोन विद्यार्थी एका खोलीत राहतात. त्यांतला टाइप लहानपणी लैंगिक अत्याचाराला बळी पडलेला आहे आणि त्या जखमेतून तो समलिंगी पुरुषांचा द्वेष करतो. अशा मुलाच्या अंगाला सुरुवातीच्या भागांत त्याच्या संमतीविना हात लावला जातो आणि पुढे त्याच दोघांची प्रेमकथा फुलते. मालिका गाजली, तिचे पुढचे पर्वही निघाले. २०२१ च्या 'हिस्ट्री ४ : क्लोज टू यू' या तैवानी मालिकेतील दुय्यम कथानकात एक तरुण नशेत असलेल्या सावत्र भावावर जबरी करतो आणि तरीही शेवटी त्यांचीच जोडी जुळवली जाते. एरवी या मालिकांवर जीव टाकणारे कितीतरी प्रेक्षक त्या वेळी संतापले.

२०२२ च्या 'किनपोर्श' या थाई मालिकेने तर प्रेक्षकांची सरळ दोन गटांत फाळणी केली. किन हा माफिया घराण्याचा वारस, पोर्श त्याचा अंगरक्षक. एका समारंभात पोर्शला गुंगीचे औषध दिले जाते, किन त्याला तेथून सोडवतो आणि त्याच अवस्थेत त्यांचा शरीरसंबंध येतो. एक गट म्हणाला, पोर्शच पुढे सरसावत होता. दुसरा गट म्हणाला, औषधाने पुढे सरसावणाऱ्या माणसाला पुढे सरसावला असे म्हणत नाहीत. आम्ही दुसऱ्या गटाच्या बाजूचे आहोत आणि त्यात आणखी एका गोष्टीची भर घालतो. त्या दोघांपैकी एक मालक आहे, दुसरा त्याचा पगारी माणूस. मालकापुढे नोकराच्या 'हो'ला किती वजन असते, हे वेठबिगारीचा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे त्या आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

पेला का लागतो?

लेखकांना दारूची इतकी गरज का पडते, याचाही विचार केला पाहिजे. या प्रकाराचा उगम जपानमध्ये १९७० च्या दशकात स्त्रियांनी मुलींसाठी काढलेल्या चित्रकथांत आहे. मोटो हागिओ आणि केइको ताकेमिया या चित्रकर्त्यांनी दोन मुलांमधील प्रेम तेव्हा कागदावर आणले. ज्या समाजात मुलीला स्वतःची इच्छा बोलून दाखवण्याची सोय नव्हती, त्या समाजात 'मी नको म्हणत होतो, पण होऊन गेले' ही सबब कथेला सोयीची होती. इच्छा दाखवायची, पण तिची जबाबदारी कुणावर टाकायची नाही. तीच सबब पुढे कादंबऱ्यांतून मालिकांत आली. दारूचा पेला हा त्या सबबीचा हल्लीचा अवतार आहे.

दुसरे कारण भीतीचे आहे. दक्षिण कोरियात तरुणांना सक्तीने सैन्यात जावे लागते आणि तेथील लष्करी फौजदारी कायद्यात सैनिकांमधील समलिंगी संबंधांना शिक्षा सांगणारे कलम आहे. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने छावणीबाहेर, खासगी जागी, परस्परसंमतीने आलेल्या संबंधांना ते लावता येणार नाही असा निर्णय दिला, तेव्हा कुठे थोडा मोकळा श्वास मिळाला. नोकरी जाईल, घर तुटेल, मित्र हसतील, या धास्तीत असलेल्या मुलाला खरे बोलण्यासाठी पुढे नाकारता येईल अशी जागा लागते. 'मी प्यायलो होतो' ही ती जागा. तेव्हा दारूचा प्रत्येक प्रसंग लेखकाच्या आळसातून येतो असे आम्ही म्हणणार नाही. कित्येकदा तो समाजाच्या दडपणाचे खरेखुरे चित्र असतो.

चीनकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. तेथे २०१६ मध्ये 'अ‍ॅडिक्टेड' ही मालिका सगळे भाग दाखवून होण्याआधीच उतरवली गेली. त्यानंतर २०१९ मध्ये आलेल्या 'द अनटेम्ड' या पन्नास भागांच्या मालिकेत प्रेमाचा एकही उघड शब्द नाही. मूळ कादंबरीतील प्रेमिक तेथे जिवलग मित्र होऊन आले. पण कडक नियमांच्या मठासारख्या कुळात दारू पिणे मना असताना वेई वूश्येन रात्री दारूचे घडे घेऊन भिंत ओलांडतो आणि छपरावर लान वांगजी त्याला अडवतो, हा प्रसंग प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. पुढे एका पेल्यात आडवा होणारा लान वांगजी झिंगेत लहान मुलासारखा वागतो, त्याच्यासाठी कोंबड्या चोरून आणतो. सेन्सॉरने जे बोलू दिले नाही ते या प्रसंगांतून प्रेक्षकाला कळले. येथे कुणी कुणाच्या अंगावर हक्क सांगत नाही, म्हणून तो प्रसंग लोभस वाटतो. नशेत सापडलेल्या माणसाचे हसू येणे आणि त्याचा गैरफायदा घेणे यांतले अंतर कळण्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

तिसरे कारण उतरंडीचे आहे. कोरियात वरिष्ठाने भरलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तोंड बाजूला वळवून प्यायचा, असा रिवाज आहे. जपानच्या कचेऱ्यांत कामानंतरच्या मद्यपानाला 'नोमिकाई' म्हणतात. तेथे नको असताना दारू पाजण्याच्या छळाला 'आरुहारा' असा शब्दच रूढ झाला आहे. थायलंडच्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियरांच्या शिस्तीखाली वाकवण्याची जुनी पद्धत आहे आणि २०१६ च्या 'सोटस' या मालिकेचे नावच त्या पद्धतीवरून पडले आहे. जेथे 'मी पीत नाही' एवढे म्हणण्याचीही मुभा ज्युनियरला नसते, तेथे पुढच्या नकाराला कोण विचारतो? पेला नाकारण्याचा हक्क आणि अंगाला हात लावू न देण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क नाहीत.

कायदा कुठे उभा आहे?

आता आमच्या व्यवसायाचा भाग. ज्या देशांत या मालिका निघतात, तेथील कायदा यांतल्या बऱ्याच प्रसंगांना गोष्ट म्हणून सोडून देणार नाही. तैवानने १९९९ मध्येच बलात्काराच्या व्याख्येत स्त्री आणि पुरुष दोघांनाही पीडित मानले. थायलंडने २००७ मध्ये आपल्या फौजदारी संहितेचे कलम २७६ बदलले. त्यात पीडित व्यक्ती कोणत्याही लिंगाची असू शकते आणि ती प्रतिकार करण्याच्या स्थितीत नसताना केलेला संबंधही गुन्हा ठरतो. दक्षिण कोरियाने २०१३ मध्ये 'स्त्री' हा शब्द काढून 'व्यक्ती' हा शब्द घातला. जपानने २०१७ मध्ये पुरुषाला संरक्षण दिले आणि २०२३ मध्ये त्याच्या पुढे जाऊन 'संमतीविना संबंध' हाच गुन्ह्याचा गाभा केला. नकार देणे ज्या आठ प्रकारच्या परिस्थितींत अशक्य होते त्या कायद्यात लिहिल्या गेल्या आणि त्यांत दारू आणि औषधाचा अंमल स्पष्टपणे आहे. म्हणजे कायदा पुढे गेला आणि पटकथा मागे राहिली.

नशा ही गुन्हेगाराचीही आवडती सबब आहे. दक्षिण कोरियात २००८ मध्ये एका बालिकेवर अमानुष अत्याचार झाला आणि आरोपी दारूच्या अमलाखाली होता म्हणून त्याला अवघी १२ वर्षांची शिक्षा झाली. देश खवळून उठला आणि लैंगिक गुन्ह्यात नशेची सवलत नाकारण्याची मुभा न्यायालयांना देणारी दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात आणि कोर्टाबाहेरच्या समेटाच्या बैठकांत 'दारूत होता हो, शुद्धीत नव्हता' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की त्याची चीड येते. बायकोला मारणारा तेच सांगतो, मुलीचा हात धरणाराही तेच सांगतो. त्याच दारूला मालिकेत गोंडस रूप मिळाले, की ती सबब पुढच्या पिढीच्या तोंडी बसते.

मग आपला कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार नशेमुळे आपण कशाला होकार देत आहोत हे ज्याला समजत नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे. कलम २४ नुसार स्वेच्छेने नशा करणाऱ्याला आपल्या कृत्याची जाणीव होती असेच धरले जाते. इथवर ठीक. पण बलात्काराचे कलम ६३ फक्त स्त्रीला पीडित मानते. जुन्या दंडविधानातील कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, ते योग्यच झाले. मात्र संमतीविना केलेल्या कृत्यांसाठी ते शिल्लक होते. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम पूर्णपणेच गळले आणि त्याच्या जागी काही आले नाही. अठरा वर्षांखालील मुलाला २०१२ चा पोक्सो कायदा संरक्षण देतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलावर वसतिगृहात नशेच्या अवस्थेत अत्याचार झाला, तर त्या अत्याचाराला त्याच्या नावाने ओळखणारे कलम आज संहितेत नाही. दुखापत, डांबून ठेवणे, धमकी अशा कलमांची ठिगळे जोडत वकिलाला उभे राहावे लागते.

कॉलेजात शिकणाऱ्या वाचकांनी मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांनी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात हे मान्य केले आहे. आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, लिंग यांच्याबरोबर लैंगिक कलावरून केलेला छळही समाविष्ट झाला. पार्टीत बळेच पाजणे हेही रॅगिंगच आहे. तक्रार करायला लाजू नये.

आक्षेप कशाला घ्यायचा?

येथे एक धोका आहे आणि तो आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. संस्कृतिरक्षकांची टोळी असल्या लेखाची वाटच पाहत असते. 'पाहा, ही मालिकाच घाण आहे, बंद करा' म्हणून ते मोकळे होतील. त्यांचा राग दोन मुलांच्या प्रेमावर आहे, संमतीशी त्यांना देणेघेणे नाही. नायिकेचा पाठलाग करून, तिचा पदर ओढून, तिच्या 'नाही'चा अर्थ 'हो' लावणारा हिंदी सिनेमाचा नायक याच मंडळींनी टाळ्या वाजवून डोक्यावर घेतला. मोजमाप एकच हवे. मुलगा-मुलगी असो, दोन मुले असोत की दोन मुली, प्रश्न तोच : समोरचा शुद्धीवर होता का, आणि त्याने हो म्हटले होते का?

लैंगिक विषयाचा उच्चार झाला म्हणून ते लिखाण अश्लील ठरत नाही, ही भूमिका आपल्याला नवी नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा तो खटला होता. खटला हरला, पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते हे त्यामुळे बदलत नाही. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला, ती संकल्पनाही संविधान सभेत बाबासाहेबांनीच मांडली होती. बहुसंख्यांना काय रुचते यावर माणसाचा हक्क ठरत नाही.

शुद्धीवरचे प्रेम

शुद्धीवरचे प्रेम रंजक होत नाही, असे कुणी म्हणेल तर त्याने २०२० ची 'चेरी मॅजिक' ही जपानी मालिका पाहावी. आदाचीला स्पर्श होताच समोरच्याच्या मनातले ऐकू येते. कचेरीच्या मद्यपार्टीत खेळ रंगतो आणि सगळ्यांदेखत कुरोसावाने आदाचीचे चुंबन घ्यावे असा हुकूम सुटतो. कुरोसावाचे त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, संधी आयती चालून आलेली आहे. पण आदाची घाबरला आहे हे त्याच्या लक्षात येते आणि तो फक्त कपाळाला ओठ लावून खेळ मोडून टाकतो. मागाहून कळते, की कुरोसावा प्रेमात पडला तोही दारूच्याच रात्री. कामाच्या निमित्ताने त्याला भरमसाट पाजले गेले होते आणि कोलमडलेल्या कुरोसावाला आदाचीने कोणतीही अपेक्षा न ठेवता सांभाळले होते. पेला याही मालिकेत आहे. फरक शुद्धीवर असलेल्या माणसाच्या वागण्यात आहे.

त्याच देशातील २०१९ च्या 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?' या मालिकेत चाळिशी ओलांडलेला एक वकील आणि त्याचा केशकर्तनकार जोडीदार रोज रात्री साधे जेवण करून एकमेकांसमोर बसतात. त्यांचे प्रेम भाताच्या वाडग्यात आणि दिवसभराच्या गप्पांत दिसते. थायलंडच्या २०२१ च्या 'बॅड बडी'चे अनेक प्रेक्षकांनी कौतुक केले तेही याचसाठी, की दिग्दर्शकाने जुन्या ठरीव प्रसंगांना फाटा देऊन दोन मुलांना बरोबरीने वागवले. याच थायलंडने २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता दिली. तैवानने ती २४ मे २०१९ रोजीच दिली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी हा विषय संसदेकडे सोपवून हात झटकले. जेथे दोघांना दिवसाढवळ्या नोंदणी कार्यालयात सही करता येते, तेथे अंधाऱ्या पार्टीतल्या पेल्याची गरज हळूहळू कमी होईल, असा आम्हाला विश्वास वाटतो.

थायलंड हा बौद्ध बहुसंख्यांचा देश आहे. तेथे २००८ च्या कायद्याने दारूच्या जाहिरातीवर कडक बंधने आणली, वीस वर्षांखालील मुलांना दारू विकायला बंदी केली. दूरचित्रवाणीवर सिगारेट आणि दारू अनेकदा धूसर करून दाखवतात. पेला धूसर होतो, पण नशेत पडलेल्या मुलाची असहायता मात्र लख्ख दिसत राहते आणि तिला संगीताची साथ मिळते. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे कारण म्हटले आहे आणि तिसऱ्या शीलात कामवासनेतील दुराचारापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे. ही दोन शीले एकाच वंदनेत आपण रोज म्हणतो. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे या मालिकांतील एकेका प्रसंगावरून तरुणांना समजावता येईल.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे, की मुलांच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. एखादा भाग त्यांच्याबरोबर बसून पाहा आणि विचारा, 'तो झोपला होता, मग त्याला कुणी विचारले?' तरुणांना सांगणे आहे, की ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे तो नशेत असेल तर त्याच्या अंगावर पांघरूण घाला, उशाला पाण्याचा तांब्या ठेवा आणि दार ओढून घ्या. बोलायचे ते सकाळी बोला. आणि कायदा करणाऱ्यांना सांगणे आहे, की न्याय संहितेत पडलेले ते भगदाड बुजवा. अठरा वर्षांवरच्या मुलाच्या नकारालाही या देशात किंमत असली पाहिजे.